मशीनला थंडी वाजते

घाणीची मला सवय आहे. सत्तावीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत गुडघे टेकून काढली. तुंबलेल्या जाळ्यांतून केसांचे गुंते उपसलेत, टाक्यांमागून मेलेले उंदीर शेपटीला धरून काढलेत, आणि हात धुऊन त्याच घराच्या पायरीवर डबा खाल्लाय. बायको म्हणते, तुझ्या नाकाची आणि पोटाची देवाने ओळखच करून दिलेली नाही. म्हणूनच, त्या घरातून बाहेर पडल्यावर गाडीच्या दारात बसून मी ओकलो हे तिला सांगितलं, तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं की टाकीत काय सापडलं. टाकीत काही नव्हतं. टाकी नवीकोरी होती आणि मीच बसवलेली होती.

माझा धंदा जुने गिझर काढून त्यांच्या जागी हीट पंप बसवायचा. लोकांना वाटतं यात काहीतरी जादू आहे. जुना गिझर म्हणजे टाकीत सळई घालून विजेने पाणी तापवायचं, एवढंच. नवं मशीन तसं करत नाही. ते पंखा लावून आजूबाजूची हवा आत ओढतं, तिच्यातली ऊब काढून पाण्यात घालतं आणि उरलेली गार हवा परत बाहेर फेकतं. तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत तेवढंच गरम पाणी. मी या मशीनच्या विरोधात मुळीच नाही. माझ्या घरीही आहे, गच्चीवर, मोकळ्या हवेत.

सरकारी योजना निघाल्यापासून दिवसाला तीन-तीन घरं करावी लागतात. योजनेचा एक फॉर्म असतो आणि त्यात एक रकाना असतो, मशीन बसवलेल्या खोलीचा वापर. नियम असा, की घरातल्या लहान खोलीत मशीन बसवलं तर तिथे कुणी राहता-झोपता कामा नये. राहत असेल तर भिंतीला दोन भोकं पाडून नळ्या बाहेर काढायच्या, म्हणजे हवा बाहेरची येते आणि बाहेरच जाते. आम्ही सगळे फिटर त्या रकान्यात 'अडगळ' लिहितो. खोली बघायच्या आधीच लिहितो. सकाळी चहा घेता घेता दिवसभराच्या फॉर्मवर एकदम लिहून ठेवतो. कारण दुसरं काही लिहिलं की तपासायला माणूस येणार, तो पंधरा दिवसांनी येणार, आणि तोवर गिऱ्हाईक आमच्या नावाने शंख करणार. यात कुणाला काही गैर वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

ते घर पांढरं होतं. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, टॉवेल पांढरे. न्हाणीघरात वासाच्या मेणबत्त्या एका ओळीत मांडलेल्या. मालक चाळिशीतला, आणि प्रत्येक गोष्ट टक्क्यांत बोलणारा. घरातला इतके टक्के वीजवापर नुसत्या अंघोळीवर जातो, इतके टक्के दिव्यांवर, इतके टक्के सवयीने फुकट. पाच मिनिटांत मी मनातल्या मनात त्याचं नाव टक्के ठेवून दिलं. त्याची बायको, मॅडम, दारातच प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन उभी होती, माझ्या बुटांवर चढवायला. चढवल्या.

जुना गिझर स्वयंपाकघरामागच्या खोलीत होता. उभी मोठी टाकी, पंधरा वर्षांची, वरचं वेष्टण फाटून लोंबणारं. अशी टाकी रात्रंदिवस ऊब गळत असते, आणि खोली बिनखिडकीची, त्यामुळे आत पाऊल टाकताच बरं वाटलं. भिंतीला घडीची खाट टेकवून ठेवलेली. खुंटीवर जुना कोट. फळीवर पाण्याच्या ग्लासात दातांची कवळी. मी हे सगळं पाहिलं. पाहिलं हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी इतरांना बरीच नावं ठेवणार आहे.

टाकी रिकामी करताना तळातून लालसर गाळ यायला लागला. चिकट, गोळ्या-गोळ्यांचा, सडक्या अंड्याच्या वासाचा. टक्के नाकाला रुमाल लावून बघत होता. आपण पंधरा वर्षं यातून आलेल्या पाण्याने तोंड धुतोय हे लक्षात आल्यावर तो आत गेला आणि साबण लावून तीनदा हात धुऊन आला. गाळाला त्याचा हात लागलेलाही नव्हता. मला हसू आलं. सुखवस्तू माणसाची किळस बघायला मजा येते.

तेवढ्यात खाटेचे मालक आले. टक्केचे वडील, सत्तरीच्या पुढचे, ताठ, अंगाने काटकुळे. तीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर काढलेली. त्यांना त्या खोलीत ऊब मिळते म्हणून त्यांची खाट तिथे टाकलीय, असं टक्केने मला आधीच ऐकवलं होतं, आणि ऐकवताना बापासाठी मोठं काही केल्यासारखा चेहरा केला होता. म्हातारबुवांनी नव्या मशीनभोवती एक फेरी मारली, पंख्याच्या जाळीवर तळवा ठेवला आणि मला विचारलं,

"ऊब कुठून घेणार हे?"

हवेतून, मी म्हटलं.

"कुठल्या हवेतून?"

मी हसून म्हटलं की काका, खोलीत हवा ती एवढीच. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पाना शोधायला खाली वाकलो. नंतर टक्केला एकदा विचारलं खरं, की भिंतीला भोकं पाडून नळ्या काढू का. तो म्हणाला, बाहेरून नुकताच रंग दिलाय, समोरून दोन नळ्या दिसल्या तर घराची शोभा जाईल. मी बरं म्हटलं. फॉर्म पुढे केला, त्याने सही केली, मी सही केली, आणि दुपारच्या घराला उशीर झाला म्हणून निघालो.

सात आठवड्यांनी, ऐन थंडीत, टक्केचा फोन आला. सकाळी आठला एक, नऊला एक, साडेनऊला एक. पाणी कोमट येतंय. मॅडमना डोक्याला शॅम्पू लावलेला असताना न्हाणीघरातून बाहेर यावं लागलं. हे असं कसं चालेल, आणि गॅरंटी कशासाठी असते. हातातलं काम टाकून मी अकरा वाजता पोचलो. मॅडमनी मला नळाखाली हात धरायला लावला आणि पाणी कसं आहे ते माझ्याच तोंडून वदवून घेतलं. कोमट होतं. मी म्हटलं, मशीन बघतो.

मागच्या खोलीचं दार उघडलं आणि गारवा तोंडावर आला. बाहेरच्या रस्त्यावर यापेक्षा बरं होतं. आत मशीन घरघरत होतं आणि त्याची गार हवा सरळ खाटेच्या पायथ्याशी जात होती. खाटेवर काका बसले होते. अंगात कोट, कोटावर घोंगडी, डोक्यावर टोपी, पायांत मोज्यांवर मोजे. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि तोंडातून वाफ निघाली. बोटांची टोकं निळसर झाली होती. मशीनच्या पट्टीवर आत ओढलेल्या हवेच्या तापमानाचा आकडा दिसतो. तिथे नऊ दिसत होतं.

टक्के दारातच थांबला होता, आत येत नव्हता. मी विचारलं की काका इथे असे किती दिवस बसलेत. तो म्हणाला, बाबांची तक्रार तशी पहिल्या आठवड्यापासून आहे, पण वय झालं की थंडी वाजतेच. मी आकडा दाखवला. तो म्हणाला की सेन्सर गार हवेच्या तोंडाशी आहे, त्यामुळे नऊ म्हणजे खरं नऊ नसणार. त्याने एक जादा घोंगडी दिली होती. बाबांनी हीटर मागितला होता, पण एकीकडे वीज वाचवायला एवढं मशीन घ्यायचं आणि दुसरीकडे हीटर लावायचा याला काय अर्थ आहे, असं त्याने त्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांना पटलं होतं म्हणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सत्तावीस वर्षांत एक शिकलोय, की गिऱ्हाइकाच्या घरात आवाज चढवायचा नाही. मी शांतपणे म्हटलं की भिंतीतून नळ्या नकोच असतील तर काकांची खाट दुसऱ्या खोलीत हलवा. टक्केने मॅडमकडे पाहिलं. घरात आणखी एक खोली होती, मी पहिल्या दिवशी पाहिली होती. तिथे जागच्या जागी धावायचं यंत्र होतं, भिंतभर आरसा होता आणि छान ऊन येत होतं. मॅडम म्हणाल्या की ती व्यायामाची खोली आहे, तिथे खाट टाकली तर व्यायाम कुठे करायचा. मग आवाज खाली आणून, जसं काही आपल्या दोघांतलंच आहे अशा सुरात, त्या मला म्हणाल्या,

"शिवाय वास येतो हो. नंतर जात नाही लवकर."

मी वास घेतला. म्हटलं ना, माझं नाक पक्कं आहे. बाम होता, जुन्या लोकरीचा होता, औषधाच्या गोळ्यांचा होता. एवढाच. दोन महिने गारठ्यात बसलेल्या माणसाला यापेक्षा जास्त वास कुठून येणार. पण मॅडमच्या अंगाला जो मेणबत्त्यांचा वास होता तो नाकातून माझ्या पोटात उतरला. काका ऐकत होते. दोन हातांवर तर बसले होते ते.

मी टक्केला म्हटलं की मशीनमध्ये बिघाड काहीच नाही. ते खोलीतून ऊब घेतं, आणि खोलीत ऊब उरलेली नाही. आतल्या नळ्यांवर बर्फ धरलाय. जे नाही ते कुठून ओढणार.

टक्केने कपाळाला आठ्या घातल्या. क्षणभर मला वाटलं की उजाडलं याच्या डोक्यात. तो खोलीत दोन पावलं आला, मशीनजवळ वाकला, आणि अगदी मनापासून, काळजीने मला म्हणाला,

"मग इथे एक हीटर ठेवला तर? मशीनसाठी?"

तो चेष्टा करत नव्हता. माळ्यावर दोन हीटर पडून आहेत, तेलाचे, चाकांचे, एकही आवाज न करणारे, असं तो सांगत होता. बापाच्या गुडघ्याला त्याचा गुडघा लागत होता. बापाने हीटर मागितला तेव्हा त्याला वीज दिसली, आणि मशीनने नुसतं कोमट पाणी दिलं तर माळ्यावरचे दोन हीटर आठवले. मला त्याची शिसारी आली. घाणीची येते तशी नाही, घाण बिचारी धुतली की जाते.

मी बटण दाबून मशीन बंद केलं आणि म्हटलं, मला हे उघडायचंय, तुम्ही बाहेर थांबा. तो गेला. मी दार लोटलं आणि खाली फरशीवर, काकांच्या समोर बसलो. पंखा थांबल्यावर खोली एकदम शांत झाली.

मी त्यांना सगळं सांगितलं. फॉर्मचं, रकान्याचं, चहा पिता पिता लिहिलेल्या शब्दाचं. तुमची खाट पाहिली होती, कवळी पाहिली होती, तुमचा प्रश्नही कळला होता, असं सांगितलं. आणि म्हटलं की आता खरं लिहितो. खोलीत माणूस राहतो असं कळवतो. पंधरा दिवसांत येऊन मशीन काढून नेतील. माझं लायसन गेलं तर जाईल.

हे बोलताना मला जरा चांगलंही वाटत होतं, हेही सांगायला हवं. काकांनी ते बरोबर हेरलं असावं.

"तुझं लायसन जाईल, मशीन जाईल. मग?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांना गार पाण्याने अंघोळी. आणि जाता-येता माझ्याकडे बघतील, याच्यामुळे झालं म्हणून. तू तुझ्या घरी. मला इथेच राहायचंय."

मी म्हटलं, काका, अहो तुम्ही इथे मराल.

"हे कितीवर नीट चालतं?" त्यांनी मशीनकडे बोट केलं.

मी म्हटलं, अठरा असलं की मजेत चालतं.

"बावीस सांग," ते म्हणाले. "बावीसच्या खाली गेलं तर आतलं काहीतरी जळतं म्हणून सांग. रात्रंदिवस लागतं म्हण. तो हीटर आणतो म्हणालाय ना. आणू दे की."

मी म्हटलं की हे खोटं आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. खोटं लिहून तर मी त्यांना गारठवलं होतं, आता खोटं बोलायला लाजत होतो. शिवाय काय हा उफराटा कारभार. हीटरने खोली तापवायची, मशीनने ती ऊब पाण्यात घालायची, आणि वीज वाचली म्हणून फोनवर आकडे बघत बसायचं. बत्तीस फॉर्म भरले असते तरी एवढा मूर्खपणा कागदावर मांडता आला नसता. आणि ज्या माणसाचा त्या खोलीवर खरा हक्क, त्याने मशीनच्या आडून ऊब मिळवायची. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

पण काकांची बोटं निळी होती आणि बावीस म्हणजे बावीस.

बाहेर जाऊन मी टक्केला सांगितलं. तोंड गंभीर केलं, कॉम्प्रेसर हा शब्द चारदा वापरला. बावीसच्या खाली आकडा गेला तर कॉम्प्रेसर जळेल आणि गॅरंटीत बसणार नाही. हीटर चोवीस तास हवा. सकाळ-संध्याकाळ पट्टीवरचा आकडा जातीने बघा. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. विजेचं नाव काढलं नाही, टक्के काढले नाहीत. सगळं फोनवर लिहून घेतलं आणि पाच मिनिटांत शिडी लावून माळ्यावर चढला. मॅडमनी खालून शिडी धरली. दोघांना इतक्या झटपट काही करताना मी प्रथमच पाहत होतो.

हीटर आला. टक्केने तो पुसला, खोलीत ढकलत नेला आणि मशीनकडे तोंड करून लावला. बापाचे पाय आड येत होते, तर म्हणाला, बाबा, जरा पाय वर घ्या. काकांनी पाय वर घेतले. मी मशीन चालू केलं. टक्केने मशीनच्या पत्र्यावर हलकेच हात ठेवला आणि मला म्हणाला,

"आता बरं वाटेल त्याला."

मी हत्यारांची पेटी उचलली, बुटांवरच्या पिशव्या दारात काढून टाकल्या आणि गाडीपर्यंत कसाबसा पोचलो. पुढचं आधीच सांगितलंय.

बायकोला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली की त्यांना नावं ठेवून झाली असतील तर सकाळी चहाबरोबर काय लिहितोस ते आधी बघ. तेव्हापासून रकाना खोली बघितल्याशिवाय भरत नाही. आता दिवसाला दोनच घरं होतात. बाकीचे फिटर मला साधू म्हणतात आणि तसेच चहा पितात.

तीन आठवड्यांनी मी त्या घरी परत गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. गॅरंटीची तपासणी आहे असं दारात सांगितलं. मॅडम खुशीत होत्या. पाणी कसं वाफाळतं, आणि आता कितीही वेळ नळाखाली उभं राहता येतं, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. मी मागे गेलो.

काका नुसत्या शर्टावर बसले होते, बाह्या दुमडून. कोट खुंटीवर. बोटांचा रंग माणसासारखा झाला होता. मला बघून त्यांनी खाटेवर जागा करून दिली. मी विचारलं, बरं आहे ना.

बरं आहे म्हणाले. मग हळूच सांगायला लागले की मुलगा आता रोज येतो. सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्या आल्या. आधी दोन-दोन दिवस फिरकत नसे. येतो, आकडा बघतो, फोनवर लिहितो, जातो. बोलत नाही फारसं, पण येतो. मागच्या मंगळवारी दार उघडं राहिलं होतं तर आकडा एकवीस झाला. तेव्हा तो घाबरला. दार लावून घेतलं आणि बावीस होईपर्यंत इथेच बसून राहिला.

"या खाटेवर," काका म्हणाले. "तू बसलायस तिथेच. अर्धा तास. मी त्याला बॉयलरच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणी ऐकायचा, त्याच. ऐकल्या त्याने."

त्या बाजूला मॅडमनी मेणबत्ती पेटवली असावी, दाराच्या फटीतून तो वास आत येत होता. उठून जाऊन टक्केच्या ऑफिसात सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर थुंकावं असं वाटलं, आणि माझ्याही तोंडावर कुणीतरी थुंकावं असं वाटलं. काका मशीनच्या पट्टीकडे बघत होते. तीस वर्षं काटे आणि आकडे बघितलेला माणूस तो.

"हा आकडा," त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "जरा कमी दाखवता येतो का रे?"

येतो, मी म्हटलं. फिटरला त्या सेटिंगमध्ये जाता येतं. मी दार लोटून घेतलं, पट्टीवरची दोन बटणं एकदम दाबून धरली आणि आकडा दोन अंशांनी खाली आणला.